शिकाऊ उमेदवाराची खोटी डायरी

आमच्या गावच्या शादीखान्यात दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलामुलींचा गुणगौरव होतो. गेल्या वर्षीही झाला. ट्रॉफ्या वाटून झाल्या, देणगीदारांना शाली घालून झाल्या, आणि मग शहरातून आलेल्या वक्त्यांनी पाऊण तासात आमच्या मुलांना कलेक्टर केले, डॉक्टर केले, वैमानिकही केले. शेवटी म्हणाले, कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. मागच्या रांगेतून यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ भीत भीत उठले. म्हणाले, "माझा मुलगा आयटीआय फिटर झालाय. पुण्याकडच्या मोठ्या कंपनीतून अप्रेंटिसचं पत्र आलंय. एक वर्षाचं आहे. पाठवू का?"

वक्ते हसले. म्हणाले, "चाचा, अप्रेंटिस म्हणजे साहेबांच्या गाडीला फडकं मारायचं. त्यापेक्षा पोराचा पासपोर्ट काढा, दुबईला धाडा." सभागृहात हशा झाला. टाळ्याही पडल्या. ते गृहस्थ खाली बसले.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठून बोललोही नाही. त्या न बोलण्याची चीड अजून आहे, म्हणून आज लिहायला बसलो आहे. मी स्वतः १९९६-९७ या वर्षात पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील एका मोठ्या वाहन कारखान्यात फिटर ट्रेडचा अप्रेंटिस होतो. वक्त्यांचे म्हणणे मला पुरते खोटे म्हणता येत नाही, हीच खरी अडचण आहे. ते अर्धे खरे आहे. आणि आपल्या समाजाचे जेवढे नुकसान उघड खोट्याने झाले, त्याहून जास्त या अर्ध्या खऱ्याने केले आहे.

माझे पत्र आले तेव्हा अब्बा मागावरून येऊन हात धूत होते. त्यांनी पत्र उलटसुलट पाहिले आणि विचारले, "दो साल सिक्या, अब और एक साल फुकट में कायकू?" फुकट नव्हते, स्टायपेंड होता, पण तो पुण्यात खोली आणि जेवण यातच संपणार हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. मामूंचे गॅरेज होते. तिथे पहिल्या आठवड्यापासून हातात पैसे आले असते. अब्बांचा हिशेब चुकीचा नव्हता. ज्या घरात आठवड्याच्या पगारावर आठवडा निघतो, त्या घराला एक वर्ष थांब म्हणणे सोपे नाही. अम्मीने भिशी उचलली आणि मी गेलो.

खोलीचे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांनी ते भोगलेले आहे. १९९२-९३ ला फार दिवस झाले नव्हते. चार घरमालकांनी खोली दाखवली, भाडे सांगितले, नाव विचारले आणि "घरात विचारून कळवतो" म्हणाले. त्यांनी काही कळवले नाही. शेवटी गावाकडच्या ओळखीने एका बेकरीच्या माळ्यावर जागा मिळाली. खाली भट्टी, वर आम्ही पाच जण. हिवाळ्यात बरे वाटायचे. उन्हाळ्यात पहिल्या शिफ्टला जाताना अंग आधीच कामाला जुंपल्यासारखे असायचे.

कारखान्यातले पहिले तीन आठवडे मी विसरणार नाही. प्रशिक्षण विभागात आम्हाला व्हाइस दिला, कानस दिली आणि लोखंडाचा एक तुकडा दिला. त्याच्या बाजू काटकोनात आणायच्या. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. आयटीआयमध्ये हे केले होते, पण तिथे एका व्हाइसमागे चार मुले आणि कानशी झिजलेल्या. इथे नवी कानस होती, आणि चूक दाखवणारा शिक्षक होता. मला वाटले, अब्बांना कळवावे की मी फुकट गेलो नाही.

चौथ्या आठवड्यात आम्हाला शॉपमध्ये पाठवले आणि शिक्षण संपले. ट्रॉल्या ढकलणे, पेट्यांतून बोल्ट काढून देणे, भागांवरची बर काढणे, शिफ्ट संपताना मशिनखालचा कीस झाडणे. कामगाराचा खाडा झाला की त्याच्या जागी लाइनवर उभे राहायचे. मग तोच नट, तोच पाना, तीच हालचाल दिवसभर. मी झाडूला कमी लेखत नाही. स्वतःचे मशिन स्वतः पुसणे हा कारागिरीचा पहिला धडा आहे. पण धडा पहिला असेल तर पुढे दुसरा यायला हवा. आमच्याकडे पहिलाच धडा वर्षभर चालला.

आणि डायरी होती. प्रत्येक अप्रेंटिसने रोज काय शिकलो ते डायरीत लिहायचे आणि सुपरवायझरने सही करायची. आमचे सुपरवायझर शनिवारी सगळ्यांच्या डायऱ्या एकत्र घेत. एका शनिवारी त्यांनी माझी डायरी पाहिली. मी लिहिले होते, "ट्रॉलीने माल नेला." त्यांनी ते खोडले आणि सांगितले, "लिही, स्क्रेपिंगचा सराव केला." मी तोवर स्क्रेपर हातात धरला नव्हता. मी लिहिले. त्यांनी सही केली. पुढे सांगायची गरजही उरली नाही. अभ्यासक्रमाचा तक्ता समोर ठेवून मीच ओळीने लिहीत गेलो, स्क्रेपिंग, लॅपिंग, अलाइनमेंट, बेअरिंग बसवणे. अक्षर चांगले असल्यामुळे दोन सोबत्यांच्या डायऱ्याही मी लिहून दिल्या. ती डायरी अजून माझ्या ट्रंकेत आहे. आयुष्यात मी एवढे सलग खोटे दुसरे काही लिहिलेले नाही.

जे थोडे शिकलो ते एका म्हाताऱ्या ऑपरेटरकडून. सगळे त्यांना अण्णा म्हणत. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारीला जाणारे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला एकदा हाक मारली, "अरे पोरा, ट्रॉली ढकलून काय करणारेस? इकडं ये, डायल धर." शाफ्ट फिरवत डायल गेजचा काटा किती हलतो, कुठे हलतो, त्यावरून शाफ्ट वाकडा की बेअरिंग ढिले, हे त्यांनी मला सुट्टीच्या त्या अर्ध्या तासांत शिकवले. शुक्रवारी मी नमाजला जाई. त्या दिवशी ते म्हणत, "आज सुट्टी." त्याच शॉपमध्ये माझे नाव ठाऊक असून मला "मियाँ" म्हणून हाक मारणारेही होते. दोन्ही सांगितले पाहिजे, एकच सांगणारे खूप आहेत.

माझ्यासोबतच्या एका मुलाच्या बोटाचे पेर प्रेसमध्ये गेले. तो त्या मशिनवर असायलाच नको होता, कुणाचा तरी खाडा होता. कागदावर "स्वतःचा निष्काळजीपणा" असे लिहिले गेले. त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले, वर साहेबांचे आभार मानून गेले, की दवाखान्याचा खर्च कंपनीने केला. नुकसानभरपाई मागता येते हे त्यांना माहीत नव्हते. मलाही नव्हते.

कायदा मी फार उशिरा वाचला. आपल्या देशात शिकाऊंचा पहिला कायदा १८५० सालचा आहे. तो अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांना धंदा शिकवण्यासाठी केला होता. तो जाऊन १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला, तरी शिकाऊकडे पाहण्याची नजर १८५० चीच राहिली, पोरके पोर आहे, दोन घास देतो आहोत, उपकार मान. १९६१ चा कायदा मात्र तसे म्हणत नाही. त्याच्या १८ व्या कलमात लिहिले आहे की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि म्हणून त्याला कामगार कायदे लागू नाहीत. हे कलम सगळ्या टाइम ऑफिसना पाठ असते. पण त्याच कायद्याचे १४ वे कलम सांगते की सुरक्षितता आणि आरोग्याच्या बाबतीत कारखान्यातला शिकाऊ कामगारासारखाच धरायचा. १६ वे सांगते की इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. १५ वे सांगते की शिकाऊ सल्लागाराच्या, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम द्यायचा नाही. प्रगतीची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला लावले तर दंड आहे. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाची कैद काढून टाकली आणि अशा प्रत्येक वेळेला हजार रुपये दंड ठेवला. हजार रुपयांत मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनचा एका सकाळचा चहासुद्धा होत नाही, हे खरे. पण शिकाऊ हा कामगार नाही असे म्हणून त्याला पगार आणि युनियन नाकारायची, आणि तो विद्यार्थी आहे म्हटल्यावर लाइनवर माणूस कमी आहे म्हणायचे, ही दुटप्पी चाल कायद्याला मान्य नाही, एवढे तरी त्यातून ठरते.

युनियननेही आम्हाला कधी विचारले नाही. आम्ही त्यांचे सभासद नव्हतो, उलट त्यांच्या खाड्याच्या जागी उभी राहणारी स्वस्त माणसे होतो. वर्ष संपल्यावर काहींना सात महिन्यांसाठी टेम्पररी म्हणून घेतले. २४० दिवस भरू नयेत म्हणून सात महिन्यांनी ब्रेक मिळे. मलाही मिळाला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या खटल्यात म्हटले होते की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीत प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे. तो निकाल माझ्या पत्राच्या एक वर्ष आधीचा. आमच्या बेकरीच्या माळ्यावर तो पोचला नाही.

इतके झाल्यावर वाचक म्हणतील, मग वक्त्यांचे काय चुकले? मामूंच्या गॅरेजमध्ये गेला असता तर बरे झाले असते.

इथेच माझा वाद आहे. गॅरेज मी जवळून पाहिले आहे. उस्ताद-शागीर्दाची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. उस्ताद शिवी देतो, प्रसंगी पाना फेकून मारतो, पण इंजिन खोलून शिकवतो. पाच-सहा वर्षांत पोरगा नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो. हा हुन्नर खरा आहे, आणि तो माझ्या त्या वर्षात मला मिळाला त्यापेक्षा जास्त आहे. पण त्या पोराला विचारा, तू काय शिकलास याचा कागद कुठे आहे? नाही. तू इथे सहा वर्षे होतास याचा पुरावा? नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेड आणि छोटी वर्कशॉप मोठ्या संख्येने पाडली. तिथे आपली किती माणसे होती हे त्या भागात माल टाकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पाडकाम बरोबर की चूक हा वाद वेगळा, आणि तो जरूर घालावा. पण तिथे काम करणाऱ्या ज्या पोराकडे कागद नव्हता, तो शेड पडल्यावर दुसऱ्या दारात नवा हेल्पर म्हणून उभा राहतो. त्याची सगळी वर्षे बुलडोझरखाली गेली. उलट माझ्याकडे खोट्या डायरीच्या जोरावर मिळालेले राष्ट्रीय प्रमाणपत्र होते. ब्रेक मिळाल्यावर दुसऱ्या कंपनीने तेच पाहून आत घेतले, आणि पुढे लेथसाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेनेही तेच मागितले. एकाच्या हातात हुन्नर, कागद नाही. दुसऱ्याच्या हातात कागद, हुन्नर अर्धा. दोन्ही मिळण्याची जी जागा कायद्याने ठेवली आहे, तिला आपण शादीखान्यात हसतो.

नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत आणि हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे, असे म्हटले होते. हा आकडा आपण दोन्ही हातांनी वापरला. सरकारपुढे अन्यायाचा पुरावा म्हणून आणि आपापसांत बढाई म्हणून, की बघा, आपले लोक कुणाची चाकरी करत नाहीत. स्वयंरोजगार हे हातगाडीचेही नाव आहे आणि पंक्चरच्या दुकानाचेही, हे बढाई मारताना विसरलो. २०१४ साली महाराष्ट्रात पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले थांबवले, शिक्षणातले चालू दिले, आणि डिसेंबरात अध्यादेशच संपला. त्यावर मोर्चे निघाले. निघायलाच हवे होते, मीही एकात होतो. पण शिकाऊ उमेदवार कायद्यात २००७ च्या दुरुस्तीने ३-ब हे कलम आले आणि इतर मागासवर्गीयांसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव झाल्या. आपल्यातल्या तांबोळी, पिंजारी, मोमीन, बागवान या बिरादऱ्या राज्याच्या त्या यादीत आहेत. यासाठी किती जमातींनी मुलांचे जातीचे दाखले काढून दिले? किती अंजुमनच्या कार्यालयात हा कायदा ठेवलेला आहे? २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर शिकाऊ घेणे बंधनकारक केले, अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत, आणि आयटीआय झालेल्याला किमान सात हजार रुपये ठरवले. "आपल्याला घेतच नाहीत" हे मी ऐकत आलो आहे. अनेकदा घेत नाहीत, हे मी चार घरमालकांपासून जाणतो. पण ज्याने अर्जच केला नाही त्याला नाकारले कुणी, हे मला कुणी तरी सांगावे.

सात हजारांत पुण्यात भागत नाही, हे अब्बांचे गणित आजही बरोबर आहे. मग ते गणित सोडवायचे कुणी? रमजानात आपल्या शहरांतून जकात गोळा होते. इफ्तारच्या पंगती होतात आणि त्यांचे फोटो छापून येतात. यंत्रमाग कामगाराच्या मुलाला वर्षभर एक खाट आणि दोन वेळचे जेवण देणे जकातीत बसते की नाही, हे उलेमांनी सांगावे. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे गरजू मिस्कीनाला बसते. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यांत शिकाऊ मुलांसाठी वीस खाटांची एक जागा, आणि तिथे महिन्यातून एकदा येऊन मुलांच्या डायऱ्या वाचणारा एक जाणता माणूस. खोटी नोंद दिसली तर शिकाऊ सल्लागाराकडे अर्ज लिहून देणारा. त्या पेर गेलेल्या मुलाच्या बापाला कलम १६ सांगणारा. एकटा मुलगा सुपरवायझरपुढे "मी स्क्रेपिंग केलेले नाही" असे म्हणू शकत नाही. मी म्हणू शकलो नाही. पाठीशी कुणी असते तर कदाचित म्हटले असते.

आता थोडे आपल्या लिहिणाऱ्यांबद्दल. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा वारसा सांगतो. गिरणीत राबलेल्या अमर शेखांचा सांगतो. चांगलेच आहे. पण मी वाचलेल्या आपल्या कथांत तलाक आहे, दंगल आहे, मोहल्ला आहे, हवेली ढासळते आहे. मशिन शॉप मला फारसे भेटले नाही. ज्या पिढीची पोरे एमआयडीसीच्या बसने पहाटे निघतात, त्यांचा दिवस आपल्या पानांत उगवत नाही. वाचकहो, हा आरोप माझ्यावरही आहे. मी वीस वर्षे अशा अंकांतून लिहितो आणि त्या डायरीबद्दल आज पहिल्यांदा लिहितो आहे.

आणि एक आरोप फक्त माझ्यावर आहे. भोसरीत माझे छोटे वर्कशॉप आहे, तीन लेथ, एक मिलिंग, सात माणसे. त्यातली तीन पोरे आमच्याच गावची, मला चाचा म्हणणारी. चार किंवा अधिक, पण तीसपेक्षा कमी माणसे असलेल्या माझ्यासारख्याला शिकाऊ नोंदवण्याची सक्ती नाही, पण मुभा आहे. मी एकालाही नोंदवलेले नव्हते. कटकट कोण करणार, पोरे घरचीच आहेत, शिकतातच की. म्हणजे त्यांच्या बाबतीत मी मामूंचे गॅरेज झालो होतो, आणि सकाळी कीसही तीच झाडतात.

गुणगौरवाच्या रात्री मी त्या यंत्रमागवाल्या गृहस्थांचे घर शोधत गेलो. मुलगा ओट्यावर बसला होता. पत्राची मुदत दोन दिवसांनी संपत होती. त्याला मी माझी डायरी दाखवली, काय खोटे आहे ते ओळीने सांगितले, आणि तरी जा म्हणालो. तो गेला. दर रविवारी फोन करतो, अजून ट्रॉलीवर आहे. त्याने दोनदा "माल वाहिला" असे खरेच लिहिले, आणि साहेब रागावले. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही दोघे मिळून ठरवतो आहोत.

माझ्या तीन पोरांपैकी मोठ्याचा फॉर्म मी पोर्टलवर भरला. तो परत आला. शाळेच्या दाखल्यावर नाव एक आहे आणि आधार कार्डावर दुसरेच, "शेख" एकीकडे पुढे आणि दुसरीकडे मागे. दुरुस्तीसाठी शाळेत जायचे आहे. सोमवारी वर्कशॉप बंद ठेवून दोघे जाणार आहोत.